फक्त काळ्यात चित्र करायचं असेल तर

गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात नवीन मुलं येतात ती काळा रंग बाह्यरेषेसाठी किंवा बिघडलेला कोपरा झाकण्यासाठी राखून ठेवतात. मी त्यांना उलट करायला लावते: बाकीच्या सगळ्या ट्यूब डब्यात, हातात फक्त काळा. अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या चित्राची खरी ओळख मला यातच होते असं वाटतं, कारण आकार, रंगसंगती असे सगळे आधार निघून जातात आणि उरतो तो उजेड.

आधी काळे ओळखा. लॅम्प ब्लॅक काजळीचा. त्यात पांढरा मिसळला की निळसर राखाडी मिळतो. आयव्हरी ब्लॅक आता हाडांच्या कोळशापासून करतात, तो थोडा पारदर्शक असतो आणि त्यात पिवळा घातला तर चक्क हिरवट होतो. मार्स ब्लॅक दाट, खालचं सगळं झाकणारा. तो लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आपल्या चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. चौथा काळा घरी करा: अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि तपकिरी बर्न्ट अंबर मिसळून. निळा जास्त घातलात तर जुलैतल्या आभाळाकडे जातो, अंबर जास्त घातलात तर ओल्या मातीकडे. चारही एका कागदावर शेजारी शेजारी लावा आणि वाळू द्या. ओले असताना निर्णय घेऊ नका.

आता पोत. जमल्यास तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ बघून या, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. काळ्या बेसाल्टचं कदंबकालीन काम. सगळा दगड एकाच रंगाचा, तरी तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. कॅनव्हासवर हेच करायचं आहे. रंग घट्ट करणारं जाड जेल मिसळलेला ॲक्रिलिक पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने ओढा, काही पट्टे आडवे, काही उभे. मग मऊ ब्रशने एक भाग अगदी सपाट ठेवा. एका भागाच्या रंगात मॅट मीडियम (चकाकी घालवणारं मिश्रण) मिसळा, दुसऱ्यात ग्लॉस (चकाकी देणारं). रंग तोच, पण चकाकणारा भाग खिडकीकडून उजेड घेतो आणि मॅट भाग तो गिळतो. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज १९७९पासून अशाच जाड काळ्या थरांवर काम करत राहिले, तेही २०२२मध्ये निधन होईपर्यंत. आणि आपल्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनी १९६६मध्ये लंडनमध्ये काळ्यावर काळी चित्रं मांडली. त्यांची चित्रं अमूर्त नव्हती, पण चेहरा शोधायला बघणाऱ्याला जागा बदलावी लागते, ती युक्ती आपल्याला शिकण्यासारखी आहे.

काम करताना उजेड एका बाजूने येऊ द्या. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद ठेवा, ती सगळा पोत सपाट करते. मधूनमधून कॅनव्हास उलटा करून, मग आडवा करून बघा. जिथे नजर अडकते तिथे थांबा, तिथे अजून काही घालू नका.

काय व्यक्त करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण काळा म्हणजे दुःख हे समीकरण तेवढं आणू नका. संक्रांतीला आपण हौसेने काळं नेसतो, विठोबाला सावळा म्हणतो, डोळ्यांत काजळ घालतो. काळ्यात ऊब आहे, थाट आहे, माया आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची चित्रं मला आवडली, त्यांतली बहुतेक शांत किंवा आनंदी होती.

पावसाळ्यात जाड थर आतून फार हळू वाळतो. वरून कोरडा लागला तरी पुढचा थर घाईने देऊ नका, कॅनव्हास चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. शेवटी व्हर्निश सगळीकडे एकाच प्रकारचं फिरवलंत तर मॅट-ग्लॉसचा फरक जाईल. म्हणून लावायचंच तर भागानुसार वेगवेगळं लावा.