हिरवं दिसतंय म्हणून तगलंय असं नाही: कांदळवनं, वाढता समुद्र आणि वादळं यांबाबत या चुका टाळा

कांदळवन किंवा खारगवताचा पट्टा बुडायला लागला, तर ते पानांवर सगळ्यात शेवटी दिसतं. त्याआधी कित्येक वर्षं पायाखालची जमीन मिलिमीटरामिलिमीटरानं मागे पडत असते. म्हणून पाहणीला गेल्यावर आधी विचारायचं ते हे: जमीन किती उंचीवर आहे आणि भरतीच्या पाण्याखाली ती किती वेळ असते? झाडांची तब्येत त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

नकाशावर पाणी चढवून निकाल लावणं

आजच्या उंचीचा नकाशा घ्यायचा, त्यावर अर्धा मीटर पाणी चढवायचं आणि जेवढं निळं झालं तेवढं गेलं म्हणायचं. खडकाळ किनाऱ्याला हे चालेल. जिवंत दलदलीला चालत नाही, कारण तिची उंची स्थिर नसते. पाणी जास्त वेळ थांबलं की गाळही जास्त बसतो, खोडं आणि गवत प्रवाहाचा वेग मोडतात, मुळं आतून भर घालतात. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे ३.७ मिमीनं वाढली. भरपूर गाळ येणारे आणि भरती-ओहोटीचा मोठा पल्ला असलेले पट्टे या वेगाला धरून वर येऊ शकतात.

पण ‘दलदल आपली आपण वर येते’ असं धरून निर्धास्त राहणंही तितकंच घातक. गाळाच्या जुन्या थरांवरून दिसतं की समुद्रपातळी वर्षाला साधारण ६ ते ७ मिमीपेक्षा वेगानं वाढली की कांदळवनांना जागा धरून राहणं फार अवघड जातं. हा आकडा जागतिक सरासरीशी नव्हे, तर स्थानिक वेगाशी ताडायचा. त्रिभुज प्रदेशांत भूजल उपसल्यानं किंवा मऊ गाळ दबल्यानं जमीन स्वतःच खचत असते. समुद्र ४ मिमी चढला आणि जमीन ४ मिमी खचली, तर झाडाच्या दृष्टीनं पाणी ८ मिमी चढलं. वरच्या धरणांनी नदीचा गाळ अडवला असेल तर भरपाईही घटलेली असते. भरतीचा पल्ला मीटरभरापेक्षा लहान आणि गाळ थोडा, असे पट्टे सगळ्यात आधी धोक्यात येतात.

गाळ बसला म्हणजे उंची वाढली असं मानणं

मोजमापात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जमिनीवर फेल्डस्पारच्या पांढऱ्या भुकटीचा अर्धा-एक सेंटिमीटर थर पसरतात. काही महिन्यांनी तिथला चिखलाचा गाभा कापून पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते मोजतात. आकडा चांगला आला की काम झालं असं वाटतं. पण वर ८ मिमी गाळ बसला आणि खाली मुळं कुजून किंवा माती दबून ६ मिमी खच झाला, तर उंची वाढली फक्त २ मिमी. वरचा थर आणि प्रत्यक्ष उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच जागी मोजाव्या लागतात.

त्यासाठी भुकटीच्या चौकोनाशेजारी खोल दांड्यावरचं उंचीमापक बसवतात. स्टेनलेस स्टीलचे दांडे एकाला एक जोडत, पुढे जाईनासे होईपर्यंत खाली ठोकायचे. वरच्या टोकाला आडवा हात बसवायचा, त्यातल्या ९ सळया जमिनीला अलगद टेकवायच्या आणि हात ४ दिशांना फिरवायचा. अशा एकूण ३६ नोंदी होतात. बिघाड यंत्रात क्वचितच होतो. तो होतो तो वापरात.

पहिला बिघाड पायांचा. एकदा तुडवलेला चिखल दबतो आणि ती नोंद कायमची बिघडते. बसवण्याच्या दिवसापासून फळ्यांवर किंवा मचाणावर उभं राहूनच काम करा. सळई खेकड्याच्या बिळात किंवा श्वसनमुळावर (चिखलातून वर येऊन हवा घेणाऱ्या मुळावर) टेकली तर तसं लिहून ठेवा आणि हिशेबातून ती नोंद वगळा. शेजारी सरकवून ‘बरी’ नोंद घेऊ नका. मऊ चिखलात सळई कुठे टेकली हे प्रत्येकाचा हात वेगळं सांगतो, म्हणून शक्यतो एकाच माणसानं वर्षानुवर्षं मोजावं. माती पाणी पिऊन फुगते आणि ओहोटीला आक्रसते, त्यामुळे ऋतू आणि भरतीची वेळ दर खेपेला सारखी ठेवा. बसवल्यावर लगेच पहिली नोंद घेऊ नका. माती स्थिरावायला काही आठवडे द्या.

तीन वर्षांपेक्षा कमी नोंदींवरून कल सांगू नका. पाच वर्षं झाली तर बरं. भरतीच्या पल्ल्यावर १८.६ वर्षांच्या चांद्रचक्राचाही परिणाम होतो. त्यामुळे काही वर्षं बुडण्याचा वेळ आपोआप घटतो आणि पट्टा सुधारल्यासारखा दिसतो. आणि मापकं फक्त खाडीच्या काठावर, जिथे होडी सहज लागते तिथे बसवू नका. काठाला गाळ जास्त मिळतो. खच सुरू होतो तो आतल्या, पाणी कोंडणाऱ्या भागात.

विमानातून घेतलेली उंची तशीच वापरणं

लेसर किरणं दाट गवतातून चिखलापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे खारगवतावरची लायडार (विमानातून लेसर टाकून मोजलेली) उंची १० ते ४० सेंमीनं जास्त येऊ शकते. लहान पल्ल्याच्या किनाऱ्यावर एखाद्या जातीचा अख्खा पट्टाच २०-३० सेंमी उंचीत मावतो. तिथे ही चूक म्हणजे सगळंच चुकलं. आरटीके जीपीएसनं (सेंटिमीटरभर अचूक उपग्रह-मापनानं) जागोजाग उंची घेऊन दुरुस्ती करा. भूमापनाचा शून्य (नकाशातली उंची जिथून मोजतात ती पातळी) आणि आजची सरासरी समुद्रपातळी एकच आहेत असंही धरू नका. खात्रीचा मार्ग म्हणजे जागेवर पाणीपातळी नोंदवणारं यंत्र किमान एक पूर्ण महिना ठेवणं. त्यात दोन उधाणं (मोठ्या भरत्या) आणि दोन भांगा (लहान भरत्या) यायलाच हव्यात.

वादळानंतर घाईनं हिशेब मांडणं

वाऱ्यानं पानं झडलेलं वन उपग्रहचित्रात मेल्यासारखं दिसतं. काही महिन्यांनी त्यातलं बरंचसं हिरवं होतं. उलट, पहिल्या महिन्यात हिरवी असलेली झाडं वर्षा-दोन वर्षांनी मरताना आढळतात. म्हणून एकाच चित्रावर आकडा जाहीर करू नका. जुनं आणि नवं चित्र भरतीच्या सारख्या पातळीचं आहे ना, हेही पाहा; पाण्याखालचा पट्टा नेहमीच ‘कमी हिरवा’ दिसतो.

जात ओळखल्याशिवाय अंदाज करू नका. तिवराच्या खोडातून मोडल्यावरही कोंब फुटतात. कांदळाच्या जुन्या लाकडात सुप्त कळ्या नसतात. फांद्यांचे शेंडे गेले की ते झाड गेलंच म्हणायचं. उभं झाड जिवंत आहे का, हे साल नखभर खरवडून कळतं: आत हिरवं-ओलं असेल तर थांबा.

वाऱ्यापेक्षा अडलेलं पाणी जास्त मारतं. सप्टेंबर २०१७ मधल्या इर्मा वादळानंतर फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर १० हजार हेक्टरांहून अधिक कांदळवन मेलं. त्यात मोठा वाटा होता तो सखल भागांत लाटांबरोबर शिरून तिथेच कोंडलेल्या खाऱ्या पाण्याचा. म्हणून वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यांतलं काम रोपं लावण्याचं नाही. नाले, पुलाखालचे पाइप, उघाड्या (बांधातली पाण्याची दारं) कुठे तुंबल्या आहेत ते शोधून पाणी वाहतं करा. सोबत आलेला गाळ श्वसनमुळांभोवती मोजा. पातळ थर आला तर जमीन उंचावते, ते वरदानच. पण १० सेंमीच्या आसपास किंवा जास्त जाडीचा थर मुळांच्या हवेच्या वाटा बुजवतो आणि तिवरं गुदमरतात.

मेलेलं वन तसंच ‘परत येईल’ म्हणून विसरणं ही मोठी चूक आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासच्या ग्वानाहा बेटावर झाडं मेली, मुळं कुजली आणि त्यांच्यावर उभी असलेली सेंद्रिय माती वर्षाला सुमारे ११ मिमीनं खचली. समुद्र मिलिमीटरांनी चढत असताना जमीन तिप्पट वेगानं खाली गेली, तर काही वर्षांत ती जागा रोपं धरू शकेल इतकी उंच राहत नाही. पुनरुज्जीवन करायचं तर ही वेळ मोजलेली असते. मेलेली खोडं मात्र सरसकट उपसू नका. ती लाटा मोडतात, वाहत आलेल्या शेंगा (कांदळाची रुजणारी फळं) अडवतात. ओढून काढताना खालची नवी रोपं चिरडतात.

खारगवताच्या पट्ट्यांत वेगळी गोष्ट तपासा. २००५ मध्ये कतरिना आणि रिटा वादळांनंतरच्या पाहणीत लुइझियानात ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक भूभाग पाण्याखाली गेलेला आढळला. कमी क्षारतेच्या दलदलींचं नुकसान खाऱ्या पट्ट्यांपेक्षा जास्त होतं, कारण त्यांची मुळं उथळ आणि खालची माती दुबळी. लाटांनी अख्खी चटई सोलावी तसा थर निघाला. तिथे फावड्यानं माती कापून मुळं किती खोल आहेत ते वादळाआधीच नोंदवून ठेवलं पाहिजे.

प्रत्येक वाळलेल्या झाडाचा दोष वाढत्या समुद्राला देणं

२०१५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटेरियाच्या आखाताकाठी ७ हजार हेक्टरांहून अधिक कांदळवन वाळलं. तिथे समुद्र चढला नव्हता, एल निनोच्या काळात तात्पुरता खाली गेला होता. निष्कर्षाआधी १५ ते ३० सेंमी खोलीवरच्या मातीतलं पाणी काढून त्याची क्षारता मोजा. खाडीच्या पाण्याची क्षारता मुळांचं काही सांगत नाही. चिखल काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाणी कुठेतरी अडलं आहे.

मोकळी जागा दिसली की रोपं लावणं

चिखलपट्टा रिकामा असतो, मालकीचा वाद नसतो, लागवड सोपी पडते. म्हणून रोपं तिथेच जातात. पण कांदळवनं साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून सर्वांत मोठ्या भरतीपर्यंत, म्हणजे भरती-ओहोटीच्या पल्ल्याच्या वरच्या अर्ध्या पट्ट्यात वाढतात. त्याखाली रोप तासन्‌तास बुडतं, त्यावर शंखधारी चिकटतात, लाटा ते उपटतात. फिलिपिन्समध्ये मोठ्या लागवडींत १० ते २० टक्केच रोपं जगली, याचं मुख्य कारण चुकीची उंची आणि चुकीची जात. शेंगा सहज मिळतात म्हणून लोक सगळीकडे कांदळ लावतात. समुद्राच्या तोंडावर तिवर किंवा चिपी तगते.

आधी जवळच्या निरोगी वनात त्याच जातीची मुळं कोणत्या उंचीवर आहेत ते मोजा. नंतर रिकाम्या जागेची उंची घ्या. दोन्ही जुळत असूनही रोपं उगवत नसतील, तर पाण्याची वाट किंवा बियांची आवक अडली आहे. ती मोकळी करा. रोपं सगळ्यात शेवटी.

मागची बाजू बंद करणं

समुद्र चढला की वनस्पती जमिनीकडे सरकते. उतार १०० ला १ असेल तर ३० सेंमी वाढीला ३० मीटर जागा लागते. ५०० ला १ असेल तर १५० मीटर. मागे भिंत किंवा रस्ता असेल तर पट्टा दोन्हीकडून चेपला जातो. जुना बांध फोडून मागची शेतजमीन समुद्राला देताना तिची उंची आधी घ्या. बांधामागे वर्षानुवर्षं गाळ मिळालेला नसतो आणि निचऱ्यानं माती दबलेली असते, त्यामुळे ती बाहेरच्या दलदलीपेक्षा बरीच खाली असू शकते. तसाच बांध फोडला तर दलदल न होता तळं होतं. तिथे आधी उघाडीतून थोडं-थोडं पाणी घेऊन गाळ बसू द्या, मग बांध फोडा.

लाटा आणि वादळी भरती यांत गल्लत

१०० मीटर रुंद कांदळवन लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करू शकतं. वादळानं फुगलेल्या समुद्राची पातळी मात्र वनाच्या दर किलोमीटरमागे ५ ते ५० सेंमीच उतरते. ५० मीटरच्या पट्ट्यामागे राहणाऱ्यांना ‘वादळी भरतीपासून सुरक्षित’ असं सांगणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं आहे. पाणी किती चढेल याचा हिशेब वेगळा करा आणि घरं रिकामी करायची पातळी त्यावरूनच ठरवा.