व्हीली शिकताय? या चुका टाळा: आधी उजवा पाय, मग मनगट

व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एकाच चाकावर गाडी चालवणं, शिकायला निघालेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चाक उचलायचं कसं? खाली कसं आणायचं, हे कुणी विचारत नाही आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. दोनशे सीसीची कुठलीही धडधाकट नेकेड बाईक (इंजिन उघडं, सरळ बसायची) पहिल्या गिअरमध्ये रेस देऊन क्लच झटक्यात सोडला की पुढून उठते. त्याला कसब लागत नाही, थोडा आगाऊपणा पुरतो. उठलेली गाडी हवी तिथे रोखणं आणि हवी तेव्हा टेकवणं हे खरं काम आणि ते उजव्या पायाचं आहे. पुढे ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बऱ्याचशा फिरूनफिरून त्याच पायापाशी येतात.

ब्रेकवर पाय नाही आणि पोरगं चाक उचलतंय

सरावाला आलेल्या नवख्याचा उजवा पाय बघा. बहुतेकदा तो फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, मधोमध, टाच आत वळवून ठेवलेला असतो, रोज ऑफिसला जाताना ठेवतो तसा. ब्रेकचं पेडल त्याच्यापासून दोन बोटं लांब. गाडी उठली की अंग मागे जातं, पाय ताठ होतो आणि ते दोन बोटांचं अंतर वीतभर होतं. मग पेडल शोधायला वेळ कुठला?

गाडी मागे का पलटते ते एकदा नीट समजून घ्या. पुढचं चाक थोडंसंच वर असतं तेव्हा गाडीचा आणि तुमचा मिळून भार मागच्या एक्सलच्या पुढे असतो. रेस कमी केली की नाक आपसूक खाली येतं. चाक जसजसं वर जातं तसतसा हा भार मागे सरकत जातो आणि एका कोनात मागच्या चाकाच्या बरोबर वर येतो. हाच बॅलन्स पॉइंट. इथे गाडी वर ठेवायला इंजिनाची ताकद जवळपास लागतच नाही. याच्याही मागे गेलात की गाडी लूप होते, म्हणजे तुम्ही पाठीवर आणि गाडी रस्त्यावर घसरत पुढे. नशीब वाईट असेल तर ती अंगावर.

मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक अडतं, पण वरचा सगळा भार पुढे जायच्या बेतात असतो. म्हणून नाक खाली येतं. बॅलन्स पॉइंटच्या मागे गेल्यावर वाचवणारी खात्रीची गोष्ट ही एवढीच.

घाबरलेला माणूस मात्र ब्रेक दाबत नाही, क्लच दाबतो. मुंबईच्या ट्रॅफिकने आपल्या डाव्या हाताला तीच सवय लावली आहे: काही झालं की क्लच दाबा. लहान व्हीलीत ते खपून जातं, नाक धप्पकन पडतं एवढंच. पण गाडी मागे कलंडायला लागल्यावर क्लच दाबला तर रेस बंद केल्यावर इंजिन जी ओढ देतं, तीही जाते. गाडीला पुढे आणणारं काहीच उरत नाही.

यावरचा सराव अगदी कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. चाक वीतभर उठलं की मागचा ब्रेक दाबायचा. दरवेळी. गरज नसली तरी. रेस न सोडता, फक्त ब्रेकने नाक खाली आणायचं. पायाला हे सांगावं लागू नये, इतकं ते अंगवळणी पडेपर्यंत चाक गुडघ्याच्या वर न्यायचं नाही. ज्याला याचा कंटाळा येतो त्याला मी व्हीलीचा नाद सोडायला सांगतो.

पेडलची उंचीही तपासा. शोरूममधून येते त्या सेटिंगला पेडल बऱ्याचदा खाली असतं. मागे रेलल्यावर घोटा तेवढा वळत नाही. पेडल थोडं वर घ्या, चवडा कायम त्याच्यावर टेकलेला राहील इतकं. पण नुसता टेकल्याने ब्रेक लागत नाही ना, हे मागचं चाक हाताने फिरवून बघा. चप्पल, फ्लोटर्स यांचा तर विषयच नको. घोट्यापर्यंतचे बूट हवेत, तळवा मात्र फार जाड नको, नाहीतर पेडलचा अंदाज येत नाही.

हँडल ओढून गाडी उठत नाही

“दादा, जोर लावतो तरी उठत नाही.” जोर लावतोय म्हणूनच उठत नाही. हँडल ओढताना दंड आखडतात, छाती पुढे जाते आणि भार नेमका पुढच्या चाकावर येतो. शिवाय उजवा हात ओढताना मनगट वळतं आणि रेस नको तेवढी उघडते. मग गाडी एकदम उभी राहते, तुम्ही मागे फेकले जाता, हँडलला लटकता आणि लटकल्याने रेस आणखी उघडते. पहिल्या दिवशीच्या पलट्या बहुतेक अशाच होतात.

मनगट उंच ठेवून मूठ धरू नका. रेस बंद असताना मनगट हाताच्या रेषेत सपाट असू द्या, म्हणजे मागे गेलात तरी रेस ओढली जाण्याला मर्यादा राहते. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा. अंग पायांनी धरायचं, हात मोकळे.

ताकद कमी पडते असं वाटणाऱ्यांसाठी एक माहिती. १९९१ साली जपानमध्ये यासुयुकी कुडो या रायडरने एका चाकावर न थांबता ३३१ किलोमीटर अंतर कापलं. मुंबईहून निघाला असता तर कराड मागे पडलं असतं. गाडी होती होंडाची टीएलएम २२० आर, इंजिन जेमतेम २१६ सीसीचं. तेव्हा तुमच्या बाईकच्या सीसीला दोष देणं बंद करा.

हां, बाईकच्या बांधणीने फरक पडतो, हे कबूल. यामाहा आर १५ किंवा केटीएम आरसीसारख्या स्पोर्ट बाईकचं क्लिप-ऑन, म्हणजे दोन तुकड्यांचं, हँडल खाली असतं, अंग पुढे झुकतं, त्यामुळे नाक उठायला कुरकुरतं. ड्यूक किंवा एनएस २०० सारख्या सरळ बसायच्या गाडीवर शिकणं सोपं. स्पोर्ट बाईकच उचलायची हौस असेल तरी आधी हात अशा गाडीवर बसवा. आणि रील बघून डावा पाय मागच्या फूटपेगवर ठेवून उभं राहायची घाई करू नका. बसून जमलं की मग.

क्लचचा घोळ

इथे दोन टोकं दिसतात. एक जण क्लच पूर्ण दाबतो, रेस किंचाळेपर्यंत देतो आणि लिव्हर सोडून देतो. दुसरा घाबरून इतका हळू सोडतो की गाडी नुसती पुढे पळते आणि क्लच प्लेट जळल्याचा वास येतो.

पहिल्या गिअरमध्ये ताशी १५-२० किलोमीटरने सरळ चला. दोन बोटं क्लचवर. लिव्हर पूर्ण दाबायचीच नाही. क्लच निसटायला लागतो तिथपर्यंतच ओढायची, रेस थोडी वाढवायची आणि बोटं झटकन मोकळी करायची. रेस आहे तिथेच ठेवायची. नाक उठलं नाही तर पुढच्या खेपेला रेस चिमूटभर वाढवा. एकदम दुप्पट नको. क्लच केबलचा फ्री प्ले, म्हणजे लिव्हरची सुरुवातीची ढिलाई, दरवेळी वेगळा लागत असेल तर आधी केबल बघा. लिव्हर रोज वेगळ्या जागी पकडत असेल, तर हाताला सवय कसली लागणार?

उठते पण लगेच पडते, अशी तक्रार असेल तर बहुधा क्लच सोडता सोडता तुम्ही रेसही सोडताय. भीतीने दोन्ही हात एकदम उघडतात. आणि गाडी उठता उठता मध्येच हुकमी मरत असेल, तर मीटरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का बघा. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरतंय म्हणजे घसरतंय, असा त्याचा समज होतो आणि ते ताकद कापतं. बंद करायची पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. बऱ्याच गाड्यांवर चावी फिरवून पुन्हा चालू केलं की ते परत सुरू होतं, हे ध्यानात असू द्या. घरी परतताना ते चालूच हवं.

एका बाजूला जाणं, धप्पकन पडणं

चाक हवेत असताना हँडल वळवून गाडी वळत नाही. डावीकडे जायला लागली की नवखा हँडल उजवीकडे वळवतो, मग चाक वाकडं असतानाच जमिनीला लागतं आणि हँडल हातातून सुटल्यासारखं दोन्हीकडे फडफडतं. सावरायचं ते फूटपेगवर भार देऊन आणि गुडघ्याने. लोकलमध्ये दांडी न धरता उभा राहणारा माणूस कसा पायांनीच सावरतो, तसं.

बाजूला जाण्याचं मुख्य कारण नजर. बहुतेक जण उठलेल्या चाकाकडे नाहीतर मीटरकडे बघतात. चाकाच्या बाजूने, लांब, जिथे जायचंय तिथे बघा.

खाली येताना रेस पूर्ण बंद केली तर नाक आदळतं. टेकायच्या क्षणी जराशी रेस असू द्या, चाक सरळ ठेवा आणि पुढच्या ब्रेकवर बोट ठेवू नका. हवेत पुढचं चाक मंदावतं, त्यात ब्रेक लागला तर ते थांबलेल्या अवस्थेतच जमिनीला भिडतं.

रस्ता हे सरावाचं मैदान नाही

मुंबईत मोकळा रस्ता म्हटलं की सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू ही नावं तोंडावर येतात. चारही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे. मग पोरं पहाटे बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नाहीतर हायवेच्या सर्व्हिस रोडवर जातात. मोकळं दिसतं, पण नीट बघा. काँक्रीटच्या पट्ट्यांमधले सांधे, खचलेले पेव्हर ब्लॉक, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) ट्रकमधून सांडून वाळलेला सिमेंटचा थर, बांधकामाची बारीक खडी. दोन चाकांवर हे जाणवतही नाही, एका चाकावर तेच तुम्हाला बाजूला फेकतं. त्यात सकाळी चालायला आलेली माणसं, कुत्री आणि सिग्नल तोडून येणारी रिक्षा. तुमच्या चुकीची किंमत त्यांनी का मोजायची?

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या गुन्ह्यात सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बेदरकार चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ वेगळं लागतं. पोरगा अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक अडकतो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. पोलिसांना शोधायला फारसं जावं लागत नाही, रील तुम्हीच टाकलेली असते आणि त्यात नंबर प्लेट स्वच्छ दिसते.

खासगी, बंदिस्त, सपाट जागा हवी आणि मालकाची परवानगी हवी. शहरात ते अवघड आहे, मान्य. चार-पाच जणांनी वर्गणी काढून शहराबाहेर एखाद्या गोदामाचं आवार दिवसभरासाठी घ्यावं, हे परवडतं. गाडी टेम्पोत टाकून न्या. फुल फेस हेल्मेट, पाठीचा गार्ड, गुडघे-कोपरांचे गार्ड, हातमोजे. आणि एकटे कधीच जाऊ नका, पडल्यावर गाडी अंगावरून उचलायला कुणीतरी लागतं.

गाडी काय सांगतेय ते ऐका

व्हीलीत इंजिनमधलं ऑइल मागे जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. ऑइलचा दिवा लागला की तिथेच थांबा, “अजून एक मारतो” म्हणत इंजिन जाम करून घेऊ नका. निघण्यापूर्वी लेव्हल पूर्ण हवी. टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली नको. नाक वर गेलं की पेट्रोल मागे सरकतं आणि पंप उघडा पडला तर इंजिन हवेतच गचका खातं.

चेन फार टाइट असेल तर सस्पेन्शन दबल्यावर ती ताणते, फार ढिली असेल तर क्लच सोडताना झटका बसतो आणि नाक वाकडंतिकडं उठतं. मॅन्युअलमध्ये दिलेलाच लूज ठेवा. मागच्या टायरची हवा स्टंटवाले कमी करतात, पकड वाढावी म्हणून. ते बघून तुम्हीही कमी केली असेल, तर घरी निघण्यापूर्वी परत भरा. अर्धवट हवेवर हायवेने आलात तर टायर तापून वाट लागते.

सराव संपल्यावर मधल्या स्टँडवर, नाहीतर पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर) गाडी घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खटका लागला तर कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला समजा. सतत आपटून तो बसतोच, मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. मग फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळीवर बोट फिरवा. तेलाचं कडं लागलं तर ऑइल सील फुटलंय. ते तेल ओघळत डिस्कवर आणि पॅडवर येतं, म्हणून सील बदलेपर्यंत गाडी चालवू नका, आणली त्याच टेम्पोतून परत न्या.