जुना कीबोर्ड हाती आला की आधी उलटा करा

पाठीवरचं लेबल पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आयबीएमच्या मॉडेल एम या जुन्या कीबोर्डवर भाग क्रमांक आणि बनवल्याची तारीख तिथेच छापलेली असते. १३९१४०१ दिसला तर तो या मालिकेतला सर्वांत ओळखीचा कीबोर्ड. मग हलकेच हलवून ऐका. आत काही खुळखुळलं, तर बहुधा प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत. या मॉडेलचं हे जुनंच दुखणं.

खरी ओळख, म्हणजे कळीखालच्या स्विचचा प्रकार, की-कॅपखाली (कळीच्या वरच्या टोपीखाली) दडलेली असते. तारेच्या पुलरने एखादी कॅप सरळ वर ओढा, तिरकी नको. स्पेसबारला हात लावू नका, त्याखालची तार सहज वाकते. आत अधिक चिन्हासारखा दांडा दिसला तर चेरी कंपनीचा एमएक्स स्विच किंवा त्याच पठडीतला. आडवी आयताकृती खाच असेल तर बहुतेक आल्प्स कंपनीचा. नुसती स्प्रिंग उभी दिसली तर बकलिंग स्प्रिंग (दाबल्यावर वाकणारी), मॉडेल एमची तीच. दांड्याचा रंगही टिपून ठेवा: चेरीत निळा टकटकतो, काळा सरळ खाली जातो. पण जुन्या आल्प्सचे रंग पिवळटतात, म्हणून रंग दिवसाउजेडीच पाहा.

एकाच कळीवर निकाल देऊ नका. कॅप्स लॉकखाली कधीकधी वेगळाच, दाबल्यावर अडकून राहणारा स्विच असतो.