दोन सर्व्हरांवर लॉगिन टिकवायचं कसं?

एका सर्व्हरवर सुरळीत चालणारी पीएचपी साइट दोन सर्व्हरांवर नेली की पहिली तक्रार ठरलेली: ‘आत्ताच लॉगिन केलं, पुढच्या क्लिकला पुन्हा पासवर्ड मागतंय.’ एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) मागची विनंती आठवत नाही, म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद, आणली. पीएचपीच्या कुकीत फक्त सेशनची, म्हणजे त्या वापरकर्त्यासाठी जपलेल्या माहितीची, ओळख असते. बाकी माहिती त्याच सर्व्हरच्या डिस्कवर, एका फाइलमध्ये. विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने पुढची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे धाडली, तर तिथे ती फाइल नसतेच.

१. आधी सेशन हलकं करा. वापरकर्त्याचा आयडी, कार्ट, फॉर्मचं टोकन एवढं पुरतं. अख्खी प्रोफाइल किंवा शोधाचे निकाल आत असतील तर काढा. ते दर विनंतीला वाचले जातात.

२. स्टिकी सेशनवर थांबू नका. एका माणसाला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवणं तात्पुरतं ठीक आहे. पण तो सर्व्हर बंद पडला की त्यावरचे सगळे लॉगिन गेले. आयपीवरून वाटणी केली, तर एकाच मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक एकाच सर्व्हरवर येऊन आदळू शकतात.

३. सेशन रेडिसमध्ये हलवा. रेडिस म्हणजे मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस; तो दोन्ही सर्व्हरांना मिळून वापरता येतो. रेडिस खासगी नेटवर्कवर, पासवर्ड लावून चालवा. प्रत्येक सर्व्हरवर पीएचपी-रेडिस एक्स्टेंशन टाका, सेव्ह हँडलर (सेशन कुठे साठवायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘रेडिस’ करा आणि सेव्ह पाथमध्ये रेडिसचा पत्ता व पोर्ट द्या (नेहमीचा ६३७९). हा बदल सगळीकडे एकदमच करा, तोही गर्दी नसताना, कारण त्या क्षणी सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल. सेशनची मुदतही तपासा: पीएचपीची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. लांबलचक अर्ज भरणाऱ्याला ती अपुरी पडते.

४. लॉकिंग चालू करा. ही पायरी हमखास राहते आणि सर्वात जास्त छळते. फाइलमधल्या सेशनला पीएचपी आपोआप कुलूप लावते, म्हणजे एका वेळी एकच विनंती ते वापरू शकते. पीएचपी-रेडिसमध्ये मात्र ते मुळात बंद असतं. समजा, ग्राहकाने दोन वस्तू पटापट कार्टमध्ये टाकल्या. दोन्ही विनंत्यांनी रिकामं कार्ट वाचलं, दोघींनी आपापली एक वस्तू लिहिली. शेवटी लिहिणारी टिकली, दुसरी वस्तू गायब. लॉगमध्ये चूक दिसत नाही आणि स्वतः सावकाश तपासताना हे घडतही नाही. लॉकिंग चालू केल्यावर दुसरी विनंती थांबून राहते, म्हणून सेशनचं काम संपताच सेशन बंद करा आणि मगच ईमेल पाठवणं, पीडीएफ बनवणं अशी वेळखाऊ कामं सुरू करा.

५. कॅशेसाठी (पुन्हा पटकन मिळावी म्हणून तात्पुरती साठवलेली माहिती) वेगळं रेडिस ठेवा. मेमरी भरली की जुन्या नोंदी काढून टाकायच्या, हे धोरण कॅशेला योग्य. सेशन त्याच रेडिसमध्ये असतील, तर लोक मधेच लॉगआउट होतील.

६. कुकी सुरक्षित करा. सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवर जाते), एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती जाण्यावर बंधन) हे तिन्ही गुणधर्म लावा. लॉगिन होताच सेशनचा आयडी बदला, नाहीतर कुणी आधीच माथी मारलेला आयडी लॉगिननंतरही चालू राहील.

७. मुद्दाम बंद पाडून बघा. लॉगिन करा, कार्ट भरा, एक सर्व्हर बंद करून पान रिफ्रेश करा. मग दुसऱ्या सर्व्हरवर तेच. शेवटी चाचणीच्या जागी रेडिसच थांबवा: पान लटकून राहतं, की ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा नीट संदेश येतो? लटकत असेल, तर रेडिसच्या जोडणीचा टाइमआउट एक-दोन सेकंदांवर आणा.