'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका पाहायची ती अशी

पहिला सीझन (2019) बाराही भाग सलग क्रमाने पाहा. सबटायटल लावून जपानी आवाजातच पाहा; अनाथाश्रमात मुलांना सांभाळायला आलेली सिस्टर क्रोन खोलीत एकटीच बाहुलीशी बोलते, तेव्हा तिचा चढत जाणारा आवाज ऐकायलाच हवा. एमा, नॉर्मन आणि रे या तिथल्या मुलांपैकी कोण काय लपवतंय, हे नजरेतून कळतं. त्यामुळे मोबाइल चाळत पाहू नका.

बारावा भाग संपला की थांबा. लगेच दुसऱ्या सीझनवर जाऊ नका.

इथून पुढे मांगा, म्हणजे ही मालिका जिच्यावर बेतलीय ती जपानी चित्रकथा, वाचा. पहिला सीझन 37व्या प्रकरणापर्यंत येतो, म्हणून 38व्यापासून सुरू करून 181व्यापर्यंत जा. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. वेळ असेल तर पहिल्या प्रकरणापासूनच वाचा, कारण ॲनिमेत मुलांच्या मनातले विचार बरेच गाळलेत.

दुसरा सीझन (2021) फसला तो घाईमुळे. उरलेली 144 प्रकरणं 11 भागांत कोंबली. राक्षस जिथे मुलांची शिकार करतात, त्या गोल्डी पाँडचं अख्खं कथानक गायब, मुलांना साथ देणारा युगो नाहीच. मांगात तो ज्या बंकरमध्ये भेटतो, तो इथे रिकामा निघतो. आणि ज्या प्रवासात एमा घडते, तो शेवटच्या भागात स्थिर चित्रांच्या मालिकेत उरकलाय. एवढ्या ताकदीच्या पात्रांवर हा अन्यायच आहे.

तरी पाहायचाच असेल, तर मांगा संपल्यावर पाहा. मुलांना मदत करणाऱ्या मुजिका आणि सोंजू या राक्षसांचे सुरुवातीचे प्रसंग चांगले उतरलेत.