प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यायची

कोल्हापुरात रस्ते आणि सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा (आरक्षणं) दाखवणारा प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा जाहीर झाला की तालमीत (गल्लीच्या मंडळात) बैठक होते, सह्या गोळा होतात, 'आमच्यावर अन्याय झाला' असं निवेदन जातं. भावना खरी असते. पण गट नंबर, क्षेत्र आणि पर्याय नसलेल्या निवेदनावर सुनावणीत कुणालाच काही करता येत नाही.

आधी कार्यालय ठरवा. जागा कोल्हापूर शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग. हद्दीबाहेरच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. सीमेवरच्या वसाहतींत इथेच गोंधळ होतो आणि चुकीच्या टेबलावर आठवडा जातो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली नोटीस निघते. मुदत 30 किंवा 60 दिवसांची असते; नोटिशीत छापलेली तारीखच धरा. मोजणीला वेळ लागतो, म्हणून कागद नोटिशीची वाट न पाहता जमवावेत: ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, गाव नकाशा, भूमी अभिलेखकडची मोजणी 'क' प्रत. नोटीस निघाली की त्या भागाच्या प्रारूप नकाशाची प्रत घ्या.

आता गाव नकाशा आणि प्रारूप नकाशा एका प्रमाणावर आणून आपला गट शोधा. मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून मोजू नका, प्रमाण बिघडतं. रस्त्याची रुंदी मध्यरेषेपासून निम्मी-निम्मी मोजा. 18 मीटरचा रस्ता गटातून 20 मीटर लांबी जात असेल, तर 360 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन गुंठे जातात. हा आकडा हरकतीत पहिल्याच ओळीत हवा.

मग विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज कुठे काय आहे ते दाखवणारा नकाशा, तपासा. सगळ्यात पक्की हरकत इथेच सापडते. विहीर, गोठा, गुऱ्हाळ किंवा जुनी घरं असलेली जागा मोकळी दाखवली असेल, तर प्रस्तावाचा पायाच चुकलेला असतो. घरफाळ्याची पावती, वीजबिल आणि दिशा लिहिलेले फोटो जोडा. गुंठेवारीतल्यांनी एकत्र हरकत घ्यावी, पण प्रत्येकाचा गट व हिस्सा वेगळा लिहावा. सामाईक सातबाऱ्यावर एकाचीच सही असली की बाकीच्यांची बाजू नोंदवली जात नाही.

विरोधासोबत पर्याय द्या. रस्ता वसाहतीतून जातोय आणि बाजूला पाणंद आहे? पाणंदीचं रुंदीकरण नकाशावर लाल रेघेने दाखवा. क्रीडांगणाचं आरक्षण घरांवर पडलंय? जवळच्या सरकारी जागेचा गट सुचवा. शेजाऱ्याच्या गटावर आरक्षण ढकलणारा पर्याय मात्र टाळा. तो टिकत नाही, शिवाय गल्लीत फूट पडते.

पूररेषेचं वेगळं आहे. निळी (अधूनमधून येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) रेषा जलसंपदा विभाग ठरवतो, त्यामुळे रेषा हलवण्याची मागणी नगररचनेकडे करून उपयोग नाही. निळ्या-लाल रेषांमधल्या बांधकामाचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर लागतं. उलट, 2019 किंवा 2021 च्या पुरात बुडालेली जमीन रहिवास विभागात दाखवली असेल, किंवा ओढ्याचं पात्र नकाशातून गायब असेल, तर आपली जागा नसली तरी हरकत घ्याच. पंचगंगेकाठच्या शहरात ही हरकत सगळ्यांच्या घराची आहे.

अर्ज एक-दीड पानांचा ठेवा: आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, गट नंबर, बाधित क्षेत्र, कारण, पर्याय, सुनावणीची मागणी. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीत वेळ थोडा मिळतो. नकाशा उघडून थेट बोट ठेवा. जाता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन कुणाला पाठवा.

आराखडा शासनाकडे गेल्यावरही मोठ्या बदलांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात, तेव्हा राजपत्र पाहत राहा. आरक्षण कायम राहिलं आणि अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम 127 खाली मालकाला जमीन घ्या अशी नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडायला विसरू नका. ते नसतील तर नोटीस सदोष ठरवून परत येते.