डिओर स्टाईलचं फॅशन स्केच काढायचंय? मग चेहरा सोडा

बऱ्याच जणांचं काय होतं, डिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरचं एखादं जुनं स्केच बघून काढायला बसतात आणि पहिला अर्धा तास डोळे-ओठ करण्यातच जातो. अहो, ते चित्र फ्रेम करून लावायला नव्हतंच, शिवणाऱ्यांना कपडा कळावा म्हणून होतं!

आपण 'बार' सूट घेऊ. १२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिस्तियाँ डिओरने पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं त्यातला, वर हस्तिदंती रंगाचं रेशमी जॅकेट आणि खाली पोटरीपर्यंतचा काळा लोकरी स्कर्ट.

हलक्या पेन्सिलने एक उभी रेघ मारा, तिचे नऊ भाग करा, वरचा एक भाग म्हणजे डोकं. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा असतो, म्हणजे ही बाई मुद्दाम लांब आहे, पण ती जास्तीची लांबी पायांनाच द्यायची, धडाला दिली की सगळं गंडतं.

तिसरा भाग संपतो तिथे कंबर, आणि खरा खेळ इथेच आहे. लोक खोडून खोडून कंबर आत आत घेत राहतात आणि शेवटी बाईची गांधीलमाशी होते. त्यापेक्षा कंबरेखाली जॅकेटचा जो घेर आहे ना तो फुगवा, कंबर आपोआप बारीक दिसते, डिओरनेही तेच केलं होतं, तिथे आतून पॅडिंग होतं. खांदे मात्र उतरते हवेत, चौकोनी काढलेत तर थेट युद्धकाळातली फॅशन झाली.

स्कर्टच्या प्लीट्सच्या रेघा कंबरेतून निघून खाली पसरतात, पट्टी वापरू नका, काही रेघा अर्ध्यातच सोडून द्या. खालची कडा पण किंचित गोलाईत घ्या, सरळ मारली की स्कर्ट पुठ्ठ्याचा वाटतो.

हॅट रुंद, जरा तिरकी. ग्लोव्हज, टोकदार शूज, झालं. चेहऱ्याला दोन-तीन रेघा बास.

कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचणीने लावा, पॅरिसच्या फॅशन हाऊसमध्ये असंच करायचे, कारण नुसत्या रेघांवरून रेशीम की लोकर ते कळत नाही. मग त्यावरून आधी मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात कच्चा कपडा शिवून बघायचे, खरं कापड त्यानंतर.

आणि झालं की शिवण येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. मी माझं पहिलं स्केच मोठ्या कौतुकाने मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणे, "छान आहे गं, पण हे घालायचं कुठून?" बटणंच काढली नव्हती मी.